रातकिडे कुणी काढले?

जून लागला की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माणसांपेक्षा बॅगाच जास्त दिसू लागतात. शाळांना सुट्टी लागणार, बायका-मुलं पुण्या-नाशकाला जाणार आणि दोह्याच्या उन्हात नवरे मागे राहणार, हा इथला दरवर्षीचा रिवाज. अशा नवऱ्यांना इथे 'समर बॅचलर' म्हणतात. यंदाही आमच्या हॉलमध्ये तो सगळा प्रकार झाला. अनघा, म्हणजे माझी बायको, टांगायचा काटा घेऊन बॅगा तोलत होती. वजन जास्त भरलं की खजूर काढायची, मग तेच खजूर दुसऱ्या बॅगेत कोंबायची, आणि एकीकडे माझ्यासाठी सूचना चालूच. फ्रीजरमध्ये डावीकडे आमटी, उजवीकडे उसळी. कुंड्यांना पाणी. गॅस बंद केलास का ते दोनदा बघ. मी मान हलवत होतो. पण लक्ष कोपऱ्यातल्या स्पीकरकडे होतं, आणि एरवी या दिवसांत मनातल्या मनात होणारा आनंद काही केल्या होत नव्हता.

तो आनंद कसला, ते सांगायला हवं. बायको-मुलं गेली की आमच्या इमारतीतला कुणी पत्त्यांचा अड्डा जमवतो, कुणी बिर्याणी करायला घेतो आणि शेवटी हॉटेलातून मागवतो, कुणी दोन महिने सोफ्यावरच झोपतो. मी माझं संगीत लावतो. बाकीचे दहा महिने घरात त्याला बंदी आहे. म्हणजे तसा कायदा नाही, पण मी लावलं की अनघा स्वयंपाकघरातून विचारते, "कुणी गेलंय का?" आणि माझी मुलगी इरा तिच्या खोलीतून ओरडते, "बाबा, इट्स स्टिल लोडिंग." तिला खरंच वाटतं की गाणं अजून सुरू झालेलं नाही.

ज्यांचं हे संगीत, ते इंग्लंडमधले दोघे. त्यांच्या ग्रुपचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक फोनवर शोधतात, अर्धा मिनिट ऐकतात आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. कराडला इंजिनिअरिंगला असताना माझ्या रूममेटच्या लंडनच्या काकाने एक कॅसेट पाठवली होती. हॉस्टेलवर सगळ्यांनी ती एकदा ऐकली आणि या दोघांना 'धुकंवाले' असं नाव ठेवलं. मग ती कॅसेट माझ्याकडेच राहिली, कारण परत कुणी मागितलीच नाही.

त्या काळी तिकडच्या क्लबांमध्ये पहाटेपर्यंत नाच चालायचा. नाचून दमलेली पोरं मागच्या खोलीत येऊन गाद्यांवर पडायची. त्या खोलीसाठी धुकंवाले संगीत रचायचे. नाचाचाच ठोका, पण इतका सावकाश आणि इतका दूरवरून आलेला, की तो कधी सुरू झाला ते कळू नये. त्यात मेंढ्यांचं बें बें, पन्हाळीतून पडणारं पाणी, रेडिओवर कुणी बाई वाचत असलेलं समुद्राचं हवामान. याला 'अँबियंट हाऊस' म्हणतात हे मला फार पुढे कळलं. तोवर मी त्याला नुसतंच 'ते' म्हणत होतो.

त्यातलं एक मला सगळ्यांत प्रिय. कॅसेटची एक अख्खी बाजू व्यापणारं. सुरुवातीला फक्त रातकिडे. बराच वेळ दुसरं काहीच नाही. मग ती हवामानवाली बाई. मग खालून, पायाच्या तळव्यांतून यावा तसा बास. आणि हे सगळं चालू असताना रातकिडे वर किरकिरतच राहतात. शेवटी ते एकदम थांबतात, तेव्हा आपण इतका वेळ कशात बसलो होतो ते कळतं. हॉस्टेलच्या खोलीत, परीक्षेच्या दिवसांत, बाहेर खरे रातकिडे आणि आत कॅसेटमधले, आणि मी मधे थर्मोडायनॅमिक्स घेऊन बसलेलो. त्या दिवसांत मी जितका स्वस्थ होतो तितका नंतर कधी झालो नाही.

धुकंवाल्यांची पुढची कारकीर्द मात्र माझ्या डोक्याला ताप होऊन बसली. ते तिकडे गाजले, टीव्हीवर आले, तिथेही प्रेक्षकांकडे पाठ करून बसले. मग त्या दोघांत बिनसलं. एकाला ठोका वाढवायचा होता, दुसऱ्याला धुकं. हवामानवाल्या बाईचा आवाज न विचारता घेतला म्हणून कोर्टकचेरी झाली. रेकॉर्ड कंपनी बुडाली. दोघांनी वेगवेगळ्या चुली मांडल्या आणि दोन्हीकडे कच्चंच शिजलं. ज्या माणसांना एक ठोका आणण्यासाठी इतका वेळ थांबायचं कळत होतं, त्यांना भांडण मिटवण्यासाठी दोन मिनिटं थांबता येऊ नये, याचा मला अजूनही संताप येतो. अखेर म्हातारपणी ते एकत्र आले. तोवर त्यांनी काढलेली वाट सगळ्या जगाने तुडवून टाकली होती. आता इथल्या वेस्ट बे भागातल्या कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, मसाज पार्लरात जा, तसलंच काहीतरी गुणगुणत असतं. ते कुणीही ऐकत नाही. ते ऐकायचं असतं हेच लोकांना ठाऊक नाही.

मी त्याच वेस्ट बेमध्ये काम करतो. एका टॉवरच्या तळघरात अख्ख्या इमारतीला थंड ठेवणारे चिलर आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे. वर गालिच्यावरून माणसं दबक्या पावलांनी चालतात, आणि त्यांना थंड ठेवायला खाली आमच्याकडे प्रचंड गोंगाट चालू असतो. कानांवर मफ लावायचा नियम आहे. पण यंत्रात काही बिघडलंय का, ते मफ लावून कळत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. मग यंत्र आतून बोलतं. कुठली गोळी झिजली, कुठे ग्रीस आटलं, सगळं. आता त्यासाठी सेन्सर आलेत, आलेख येतात, पण आमच्या पिढीला कानाशिवाय चैन पडत नाही. मीही मफ गळ्यात अडकवूनच वावरायचो.

तर हा आनंद गेला तो उन्हाळा. तीनेक वर्षं झाली. अनघा आणि इरा गेल्या. विमानतळावरून परत आलो तर गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देत होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. भर दुपार, बाहेर शमालचा वारा, खिडकीवर बारीक वाळू घासत होती. मी पडदे ओढले, आमटीचा डबा वितळायला ठेवला आणि मोठ्या थाटात जमिनीवर उशी टाकून बसलो. धुकंवाल्यांनी त्या जुन्या रेकॉर्डची नवी, झाडूनपुसून स्वच्छ केलेली आवृत्ती काढली होती. फोनवरून स्पीकरला जोडली, लावली.

शांतता. मला वाटलं, नेट अडकलं. तेवढ्यात हवामानवाली बाई बोलू लागली. थेट. मागे काही नाही, पुढे काही नाही. मग बास आला, अगदी पहिल्यासारखा, तळव्यांतून. पण रातकिडे नव्हते.

मी पुन्हा लावलं. फोन बंद करून लावलं. स्पीकर भिंतीपासून लांब ओढला. नजमा भागातल्या दुकानातून नवी वायर आणली, दुकानदार म्हणाला, "एकदम ओरिजिनल, साहब," आणि तिने काहीही फरक पडला नाही. दुसरं ॲप घेतलं. तिथेही हीच नवी आवृत्ती, तिथेही नाहीत. जुनी कॅसेट तर केव्हाच झिजून गेली होती. तेव्हा माझी खात्रीच झाली की या दोन म्हाताऱ्यांनी साफसफाई करताना रातकिडेच झाडून टाकले. टेपची खरखर काढायला गेले असतील आणि तिच्यासोबत हेही गेले असतील. दोन आठवडे मी धुमसत होतो. कामावर, गाडीत, आमटी गरम करताना. माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट धड असावी आणि तीही करणाऱ्यांनीच नासवावी, म्हणजे काय. शेवटी ग्रुपच्या वेबसाइटवर जाऊन लांबलचक मेल लिहिला. सभ्य भाषेत लिहिला, पण मजकूर एवढाच होता की रातकिडे कुणी काढले आणि का काढले.

उत्तर आलं. दोघांपैकी एकाने स्वतः लिहिलं होतं. कतारमध्ये आपल्याला कुणी ऐकतं याचं त्याला फार अप्रूप वाटत होतं. आणि खाली, आम्ही काहीही काढलेलं नाही, ते तिथेच आहेत, शुभेच्छा. मी ते वाचून आणखीनच चिडलो. थापा मारतोय, म्हटलं. स्वतःचंच काम यांना आठवत नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मुश्ताक जेवायला आला. मुश्ताक दापोलीकडचा, शिपिंग कंपनीत क्लार्क, नजम्यात चौघांच्या खोलीत राहतो. त्याची बायको-मुलं गावीच असतात, त्यामुळे तो बारमाही बॅचलर. आम्ही दोन महिन्यांचे बॅचलर त्याच्यापुढे रडगाणं गायला लागलो की तो नुसता हसतो. दुपारचा नमाज आटोपून तो तळलेली सुरमई घेऊन आला. मी माझं दुःख त्याला ऐकवावं म्हणून मुद्दाम तेच लावलं. ताटं वाढली. तो खाता खाता थांबला.

"दादा, गाना कवा सुरू व्हनार वो?"

"हेच गाणं आहे."

"बरा." दोन घास गेले. मग म्हणाला, "ते रातकिडं तरी बंद करा. गावी असल्यासारका वाटतंय. जेवन जात नाय माजा."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याला रातकिड्यांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी हवामानवाली बाई सुरू होण्याची वाट बघत बसलो होतो, आणि माझ्यासाठी खोलीत एसीशिवाय काहीच नव्हतं. मुश्ताकच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. मी उठून स्पीकर बंद केला.

पुढच्या आठवड्यात मी स्वतःहून कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. नर्स केरळची, शांत बाई. "साउंड आया तो बटन दबाना, सर." मी जीव एकवटून बसलो. सुरुवातीला भराभर दाबलं. मग काही येईना. मी थांबलो. काचेतून ती माझ्याकडे बघत होती.

"सर, दबाइए ना."

"आएगा तो दबाऊँगा, सिस्टर."

"आके गया, सर," ती म्हणाली. "सब आके गया."

डॉक्टरांनी कागदावर एक रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग कड्यावरून पडावी तशी खाली. इतकी वर्षं गोंगाटात काढली की असं होतं म्हणाले. गेलेलं परत येत नाही. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, पक्षी, किडे, दारावरची बारीक घंटा. काळजी घेतली नाही तर त्यानंतर बायकांचे आणि मुलांचे आवाज. यंत्र लावून थोडं सुधारेल. हे सगळं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीही सहज 'ओके' म्हणालो, लिफ्टने खाली आलो आणि पार्किंगमध्ये गाडीत एसी न लावता बसून राहिलो. घामाने शर्ट चिकटला तरी बसून राहिलो. मला त्या स्क्रू ड्रायव्हरचा राग आला, चिलरचा आला, वर गालिच्यावरून दबक्या पावलांनी चालणाऱ्या साहेबांचा आला. आणि इंग्लंडातल्या त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचाही आला, कारण तो खरं बोलला होता.

पुढचे दिवस मी प्रत्येक आवाजावर पहारा ठेवून काढले. हा येतो. हा येत नाही. मायक्रोवेव्हची शिटी येत नाही, दार बंद झालेलं येतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर इरा आजीच्या कुत्र्याबद्दल भरभर सांगायची आणि मी स्क्रीनवर तिच्या ओठांकडे बघत बसायचो, त्यातलं किती कानांनी ऐकतोय आणि किती डोळ्यांनी, याचा हिशेब करत. घरात कुणाला काहीच सांगितलं नाही. लपवण्यासाठी काही करावंही लागलं नाही. नवरा ऐकत नाही ही तक्रार घरोघरी आहे, त्यामुळे माझं न ऐकणं जगरहाटीत सहज खपून गेलं. आणि संगीताचं म्हणाल तर खालचं सगळं शाबूत होतं. बास, ठोका, बाईचं हवामान. फक्त ज्याच्यासाठी मी ते लावायचो तेवढंच गेलं होतं. मुद्दाम ठरवूनही कुणी इतकं नेमकं काढलं नसतं.

ऑगस्टच्या शेवटी दोघी परत आल्या. हवेत इतका दमटपणा की विमानतळाबाहेर पडताच सगळ्यांचे चष्मे पांढरे झाले. घरात पुन्हा बॅगा, लोणच्याचे वास, भाकरीची पिठं. एका दुपारी अनघा झोपली होती आणि इरा सोफ्यावर फोन घेऊन लोळत होती. मी ते लावलं.

"बाबा, प्लीज. नॉट दॅट."

"फक्त सुरुवात. मला सांग, काय ऐकू येतंय?"

तिने डोळे फिरवले, पण फोन खाली ठेवला. जरा वेळाने नाक मुरडून म्हणाली, "इट्स जस्ट ॲन एसी, बाबा. समथिंग इज लूझ इन इट."

"एसी नाही गं. रातकिडे आहेत ते."

"व्हॉट्स दॅट?"

माझी पोरगी दोह्यात जन्मली. सुट्टीत पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर राहते. रातकिडे म्हणजे काय, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मी सांगायला लागलो. अंधार पडला की त्यांचा आवाज गवतातून येतो, बारीक, सतत, कानात सुई फिरवल्यासारखा, पण दुखत नाही. माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. तो आवाज तिला येत होता आणि कशाचा ते कळत नव्हतं. मला कळत होतं आणि येत नव्हता. आम्ही एकमेकांना त्यातलं काहीच देऊ शकत नव्हतो. "अजून आहे?" मी विचारलं. "येस." मग, "अजून?" तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "येस, बाबा," म्हणाली आणि शेवटपर्यंत बसली. ती शेवटपर्यंत बसली याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, इतकंच.

त्यानंतर ते मी कधी लावलं नाही. मागचे दोन उन्हाळे समर बॅचलरांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊन बसलो. तिथे सगळे इतके ओरडतात की कुणालाच काही ऐकू येत नाही. धुकंवाले अजून कुठे कुठे कार्यक्रम करतात असं कळतं. करू देत. चिलरना सेन्सर लावून घेतलेत, स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये आहे, मफ कानांवर असतो. कानाचं यंत्र घ्यायला पाहिजे हे कळतं, आणि ते कानात दिसलं की घरी सांगावं लागेल हेही कळतं, म्हणून 'या महिन्यात' म्हणत म्हणत एवढे दिवस काढले. दुसऱ्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर, या माणसाच्या गाढवपणाला काय म्हणावं, असं मी ओरडलो असतो.

यंदा दोघी पुण्याला न थांबता वाईजवळ माझ्या सासुरवाडीला गेल्या. काल संध्याकाळी काम संपवून पार्किंगमध्ये गाडीत बसलो असताना इराचा व्हॉइस मेसेज आला. सोबत लिहिलं होतं, 'आजीच्या मागच्या अंगणातून. मोठ्याने लाव.' मी आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. मग तिचा आवाज, हळू, फोनच्या अगदी जवळून, आणि मराठीत, जे ती माझ्याशी कधी बोलत नाही.

"बाबा, आता खूप आहेत. गवतात... आता एक अगदी माझ्या पायाशी आहे. आता थांबले. मामा गेला ना बाजूने, म्हणून. थांब. आता परत एक सुरू झाला. आता सगळे."

मी ते किती वेळा ऐकलं देव जाणे. शेवटी तिला फोन लावला.

"इरा, ते रातकिडे... मला काही आले नाहीत गं ऐकू."

"आय नो," ती म्हणाली. "म्हणून तर मी मधे मधे बोलले."

तळघरातून चिलरची घरघर येत होती, ती मात्र नीट येत होती.

"आईला इतक्यात सांगू नकोस," मी म्हणालो.

"बाबा, आईला कधीचं माहितीये. तुला काय वाटतं, ती तुझ्याशी एवढ्या मोठ्याने का भांडते?"